चुणीचं टोक खाली

काकांनी कोळशाच्या स्टोव्हच्या धुराच्या पाइपचा दोन फुटी तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, “चुणीचं टोक कुठे करशील? वर की खाली?”

काळा, पत्र्याचा, सहा इंच व्यासाचा पाइप. एक टोक सरळ, गुळगुळीत. दुसऱ्या टोकाला दीडेक इंच उंचीच्या उभ्या चुण्या पाडलेल्या, निऱ्या घातल्यासारख्या एकीशेजारी एक. त्या चुण्यांमुळे ते टोक जरासं आवळलेलं, पुढच्या तुकड्याच्या सरळ तोंडात शिरेल असं. मी तो तुकडा फिरवून पाहिला आणि म्हणाले, “वर. धूर वर जातो ना. खालचा पाइप वरच्याच्या आत शिरला की धुराला सांध्यावर अडायला जागाच राहणार नाही.”

“पावसाच्या पाण्याचा पाइप कसा जोडतात?”

“वरचा खालच्याच्या आत.”

“का?”

“नाहीतर सांध्यातून पाणी बाहेर येईल.”

“मग हाही तसाच जोडायचा. चुणीचं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेनं. प्रत्येक तुकड्याचं, शेवटपर्यंत.”

पाइप धुराचा आणि हिशोब पाण्याचा, हे पचायला मला वेळ लागला. कोळशाच्या धुरात वाफ असते. आग मंद असली, पाइप थंड असला की ती आतल्या पत्र्यावर धरते आणि ओघळते. तिच्याबरोबर राखेचे बारीक कण येतात, कोळशातल्या गंधकाचा अंश येतो. चुणीचं टोक खाली असलं की हे सगळं पाइपच्या आतल्या आत उतरतं. उलट जोडलं तर प्रत्येक सांधा बाहेर उघडतो आणि काही दिवसांत पाइपवर तपकिरी-काळे ओघळ दिसायला लागतात.

आणि धूर? तो त्या फटीतून येणार नाही का? चालू स्टोव्हच्या पाइपमध्ये हवेचा दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. धुराड्यातली गरम, हलकी हवा वर चढते आणि तिच्यामागून खोलीतली हवा स्टोव्हमधून खेचली जाते. हीच धुराड्याची ओढ. ओढ आहे तोवर सांध्यातल्या बारीक फटीतून खोलीतली हवा आत जाते, आतलं काही बाहेर येत नाही.

ओढ आहे तोवर. काकांनी हे तीन शब्द सहज उच्चारले. मला ते सहज ऐकता आले नाहीत, कारण त्यांच्यामागे काय असतं ते आमच्या घरानं आदल्या हिवाळ्यात पाहिलं होतं.

तेव्हा आम्ही पहिल्यांदा कोळशाचा स्टोव्ह बसवून घेतला. उघडी शेगडी नव्हे. जाड बिडाचा बंद पेटारा, समोर काचेचं दार, आत जाळी, जाळीखाली राखेचा ट्रे आणि मागे धुराचं गोल तोंड. घरात जुनं विटांचं धुराडं होतंच, फक्त स्टोव्ह खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जास्त शोभेल असं मला वाटलं. मी जागा दाखवली, ज्यांनी काम घेतलं त्यांनी पाइप तिथपर्यंत नेऊन दिला. तीन एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे तुकडे, आणि छताखालून जवळजवळ नऊ फूट आडवा गेलेला पाइप. पाइप चकचकीत जस्ताच्या मुलाम्याचा होता. सांध्यांवर चंदेरी टेप गुंडाळला होता. दिवसभर मी तिथेच उभी राहून पाहत होते, आणि मला ते काम अतिशय नीटनेटकं वाटलं होतं.

त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. तरीही पहिल्या रात्री स्टोव्ह झकास पेटला. आई किती वर्षांनी शाल न घेता बसली होती.

दोनेक आठवड्यांनी तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या कपाळावर घट्ट पट्टी बांधल्यासारखं, जरा मळमळल्यासारखं. अंगणात तासभर बसली की हलकं वाटायचं, दुपारपर्यंत बरं. आम्ही म्हणायचो, उन्हानं बरं वाटतं. मलाही सकाळी जड वाटायचं, ते मी जागरणावर ढकललं. ताई राहायला आली तेव्हा तिनं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला आणि आईच्या खोलीबाहेर लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास तो किंचाळायला लागला.

दारं-खिडक्या सताड उघडून आम्ही आईला धरून बाहेर आणलं. थंडीत कुडकुडत उभे असताना मला उघड्या दारातून स्टोव्ह दिसत होता. कुठेही धूर नव्हता, वास नव्हता, ज्वाळा नव्हती. काचेमागे मूठभर निखारे, राखेत अर्धे बुडालेले. आग इतकी निवलेली होती की एरवी मी म्हटलं असतं, आता काळजी नाही, विझतच आली आहे.

दवाखान्यात आईला ऑक्सिजन लावला. ती बरी झाली. मी मात्र कित्येक दिवस तोच प्रश्न घेऊन फिरत होते: रात्री नऊला, आग भडकलेली असताना काही झालं नाही, आणि पहाटे पाचला ती विझत आली असताना झालं, हे कसं?

त्याचं उत्तर आगीच्या पोटात आहे. दगडी कोळशाचा जाड थर जाळीवर पेटलेला असतो. खालून हवा येते, तळाशी कोळसा पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वायू वरच्या लालबुंद थरांतून चढताना त्या कोळशाकडून आणखी कार्बन घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे हा विषारी वायू काही बिघाड झाला म्हणून तयार होत नाही. कोळशाची चांगली आग तो सतत बनवत असते. थराच्या वर पोचल्यावर त्याला ताजी हवा आणि पुरेशी धग मिळाली की तो जळून जातो. अँथ्रासाइटसारख्या कठीण कोळशावर ज्या बुटक्या निळ्या ज्योती नाचताना दिसतात ना, तो कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. मी त्या निळ्या ज्योती तासन्‌तास बघत बसायचे. त्यांच्याइतकं शांत करणारं काही मला माहीत नव्हतं.

पहाटे त्या ज्योती मावळतात. निखारे असतात, त्यांतून वायू निघतोच, पण तो पेटवायला वर ज्योत उरलेली नसते. आणि नेमक्या त्याच वेळी पाइप निवतो, धुराडं निवतं, ओढ मंदावते. कोळशाचा धूर मुळातच लाकडाच्या धुराइतका गरम नसतो, त्यामुळे ओढीच्या गाठीशी फारसं काही शिल्लक नसतं. बाहेर हवा जरा उबदार झाली, किंवा घरात एखादा एक्झॉस्ट पंखा चालू राहिला, की एवढंही पुरतं. धुराड्यातली थंड, जड हवा खाली बसते आणि पाइपमधला प्रवाह उलटतो. मग प्रत्येक फट खोलीत उघडते.

लाकडाचा धूर उलटला तर डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस झोपेतून उठतो. कठीण कोळशाचा निखारा असा काहीच इशारा देत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वजनानं तो साधारण हवेइतकाच, म्हणून वर-खाली न बसता घरभर पसरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं त्याला घट्ट धरतं. मोकळ्या हवेत गेल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. अंगणात बसलेल्या आईला दुपारपर्यंत बरं का वाटायचं, ते मला हा आकडा वाचल्यावर कळलं, आणि तेव्हा मी उठून तिच्या खोलीत जाऊन बसले.

१९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला आपल्या झोपायच्या खोलीत असेच गेले. शेकोटीत कोळसा जळत होता, धुराड्याची वाट बंद होती. त्याच खोलीत झोपलेली त्यांची पत्नी वाचली. रात्री दोघांनाही अस्वस्थ वाटलं होतं. या प्रकरणाबद्दल पुढे कटाच्या गोष्टीही बोलल्या गेल्या. मला त्यातलं एकच राहून राहून आठवतं, की त्रास होत असूनही तो स्टोव्हचा किंवा शेकोटीचा आहे असं माणसाच्या मनात येत नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं १८९०च्या दशकात या वायूचे प्रयोग स्वतःवर केले आणि खाणीत उतरताना लहान प्राणी, पक्षी बरोबर न्यावेत असं सुचवलं. छोट्या पक्ष्याचा श्वास भराभर चालतो, त्यामुळे माणसाला जाणवण्याआधी तो कोसळतो. खाणकामगारांच्या पिंजऱ्यातली ती कॅनरी आज हाताच्या पंजाएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत भिंतीला लावलेली असते. झोपायच्या खोल्यांजवळ आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर ती हवीच. पाइप कितीही चांगला जोडलेला असो.

तर, काका. आयुष्यभर बॉयलरवर काम केलेला माणूस. शेजारी राहतात, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. ते आले, त्यांनी टेप सोलून काढला, सांधा हातानं हलवला. तो सरळ निसटून त्यांच्या हातात आला.

“पेटलेल्या आगीला कसलाही पाइप चालतो,” ते म्हणाले. “आपण विझणाऱ्या आगीसाठी जोडू.”

पुढचे तीन दिवस आम्ही तेच केलं. आज कुणीही मला स्टोव्हच्या पाइपबद्दल विचारलं तर मी याच वाक्यापासून सुरुवात करते. अंतरं, उतार, स्क्रू, सगळं याच्या पोटात बसतं. कमीत कमी ओढीवरही वायूला जाता येईल अशी वाट द्यायची.

पहिलं काम म्हणजे स्टोव्ह हलवला. कोपऱ्यातली शोभा सोडली, तो धुराड्याजवळ आणला. आडवा पाइप नऊ फुटांवरून चारवर आला आणि तीन एल्बोंपैकी दोन गेले. काटकोनातलं प्रत्येक वळण ओढ खातं. दोनपेक्षा जास्त नकोतच, आणि एकही टाळता आलं तर उत्तम. पाइपचा व्यासही स्टोव्हच्या तोंडाएवढाच ठेवायचा, मध्येच लहान करायचा नाही.

मग उतार. आडवा म्हणतो तो पाइप खरंतर आडवा नसावा. धुराड्याकडे जाताना दर फुटाला किमान पाव इंच चढत जावा. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात हाच आकडा आहे. काकांनी त्यासाठी काय केलं ते माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. लाकडाचा एक इंच जाडीचा ठोकळा कापला. चार फुटी सरळ पट्टी पाइपवर धरली, तिच्या स्टोव्हकडच्या टोकाखाली तो ठोकळा सरकवला आणि पट्टीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध आला की चार फुटांत एक इंच चढ बरोबर. बुडबुडा आधी एका बाजूला होता. मी पाइप केसभर वर घेत होते, काका डोळे बारीक करून बघत होते. “अजून... अजून... थांब.” आदल्या वर्षीचा पाइप मध्यभागी पोटात लोंबकळलेला होता, हे तेव्हा त्या बुडबुड्यानं मला दाखवलं. निवत्या वायूला आम्ही तिथे चढावर नेण्याऐवजी खड्ड्यात उतरवत होतो.

पाइपची निवड. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप गेला. तापल्यावर जस्ताचा थर खराब होतो, त्याचे वायू छातीला बाधतात. कपडे वाळवायच्या यंत्राचा किंवा एसीच्या हवेचा पाइप तर या कामाचा नव्हेच. त्या जागी काळा पोलादी पाइप, २४ गेजचा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात ठेवायला हवं. कोळशासाठी २२ गेज मिळाला तर आणखी चांगला. अशा एकेरी पत्र्याच्या पाइपपासून लाकूड, पडदे, लाकडी तुळई, प्लायवूड, काहीही जळणारं १८ इंच लांब हवं. मागे इंचभर हवा खेळती ठेवून पत्र्याची ढाल लावली तर हे अंतर कमी करता येतं, पण किती, ते स्टोव्हच्या पुस्तिकेतून आणि तुमच्याकडच्या नियमांतूनच घ्यावं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून बदलतं आणि एरवी पेटलं नसतं अशा तापमानाला पेटू शकतं. पहिल्या वर्षी काही झालं नाही, या भरवशावर राहता येत नाही. हा एकेरी पाइप छतातून, माळ्यावरून, कपाटाच्या मागून किंवा नजरेआडच्या कुठल्याही पोकळीतून न्यायचा नाही. तो पूर्ण लांबीभर डोळ्यांना दिसला पाहिजे.

आणि आता स्क्रू. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पाइप एकमेकांत घट्ट बसतात, हलवून पाहिलं तर हलत नाहीत, मग कशाला ड्रिल करायचं, असं वाटतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. स्टोव्हच्या तोंडाशी जो पहिला सांधा असतो त्यालाही तीन. मी पहिलं भोक पाडायला घेतलं तेव्हा ड्रिलचं टोक गोल पत्र्यावरून घसरत होतं. काकांनी खिळा ठेवून हातोडीची हलकी टिचकी मारली, एवढासा खळगा पडला, आणि मग ड्रिल तिथेच बसलं. तिसरा स्क्रू आवळताना दोन पत्रे एकमेकांवर दाबले जाताना बारीक करकर ऐकू येते. तो आवाज आला की सांधा झाला.

तीन स्क्रू नुसत्या वजनासाठी नसतात. कोळशाच्या स्टोव्हमध्ये ताजा कोळसा टाकताना सगळा लाल थर झाकून टाकला तर वरच्या ज्योती विझतात, पण खालचा ताप नव्या कोळशातून वायू काढतच राहतो. तो स्टोव्हमध्ये आणि पाइपमध्ये साठतो. मग कुठूनतरी एक ठिणगी वर येते आणि सगळा साठा एकदम पेटतो. भप्पकन आवाज होतो, दार हादरतं, आणि सैल सांधे असले तर पाइप उखडून खोलीत पडतो. स्क्रू हवेत ते त्या क्षणासाठी. टेप त्या क्षणी कामाचा नाही, तापानं त्याचा डिंक तर आधीच गेलेला असतो. आणि तो क्षण येऊच नये म्हणून कोळसा भरताना मी एका बाजूला लाल निखाऱ्यांचा पट्टा नेहमी उघडा ठेवते. त्याच्यावरच्या निळ्या ज्योती नव्या कोळशाचा वायू निघेल तसा जाळत राहतात. दहा-पंधरा मिनिटांनी नवा कोळसा धरला की मगच बाकीचा भरायचा.

भिंतीत पाइप जिथे शिरतो तिथे पक्क्या भाजलेल्या मातीची किंवा धातूची गोल कॉलर बसवलेली असते. पाइप तिच्यातून धुराड्याच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत जावा, पण एक बोटभरही पुढे घुसू नये. आमचा पहिला पाइप समोरच्या भिंतीला जवळजवळ टेकला होता, नळावर तळहात धरावा तसा. काकांनी आरसा आणि टॉर्च घेऊन आत पाहिलं, मापलं, पाइपवर खडूनं खूण केली आणि त्या खुणेपर्यंतच तो सरकवला. भोवतालची फट अग्निरोधक सिमेंटनं बुजवली. त्याच धुराड्यात दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा पाइप सोडलेला नाही ना, तेही पाहिलं. जुनं धुराडं असेल तर आतलं अस्तर तडकलेलं नाही, पक्ष्यांची घरटी नाहीत, हे त्यातल्या जाणकाराकडून तपासून घ्यावंच. आमच्याकडे तळाशी बादलीभर विटांचा चुरा निघाला.

एक गोष्ट मला सुरुवातीला पटेना. आमच्या स्टोव्हच्या पुस्तिकेत पाइपवर बॅरोमेट्रिक डँपर लावायला सांगितलं होतं. म्हणजे पाइपला एक भोक, आणि त्यावर वजनानं तोललेली, झुलणारी झडप. इतक्या काळजीनं फटी बुजवायच्या आणि मग मुद्दाम एवढं मोठं भोक पाडायचं? काकांनी झडपेवर बोट ठेवून ती हलवून दाखवली. वारा सुटला, धुराडं फार तापलं की ओढ वाढते, आग भडकते, कोळसा भसाभस जळतो. तेव्हा ही झडप आपोआप उघडते आणि खोलीतली हवा पाइपमध्ये घेते, म्हणजे ओढीचा जोर आगीवर येत नाही. ओढ कमी झाली की मिटते. हातानं फिरवायची चकती असते ती याच्या उलट, वायूची वाटच अडवते. झोपण्यापूर्वी ती कुणी पूर्ण बंद केली आणि विसरलं, तर पहाटे काय होतं ते मी सांगितलंच. मोजायचं झालं तर हातानं कोळसा भरायच्या बऱ्याच स्टोव्हना ०.०४ ते ०.०६ इंच पाण्याइतकी, म्हणजे एवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी ओढ लागते. काकांच्या मॅनोमीटरची, म्हणजे दाब मोजायच्या उपकरणाची सुई मी पाहत होते. एक इंच पाण्याचा विसावा भाग. एवढ्याशा फरकावर अख्खं घर झोपतं.

एवढ्याशा ओढीला इतक्या जाड थरातून हवा का ओढावी लागते, याचं मूळ दोनशे वर्षं जुनं आहे. अँथ्रासाइट हा दगड आहे, तो जळणार नाही, असं पुष्कळ लोक मानत. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे इथे ११ फेब्रुवारी १८०८ ला जेसी फेल यांनी तो घरातल्या लोखंडी जाळीवर ठेवून जाळून दाखवला. कोळसा तोच होता, फक्त हवा खालून मिळाली. लाकूड जमिनीवर पडूनही जळतं. कोळशाला तळातून श्वास लागतो, आणि तो श्वास ओढून घेणारं दुसरं टोक म्हणजे हा पाइप. मी स्टोव्हकडे आता असं बघते: खाली जाळी, वर धुराडं, आणि या दोघांमध्ये माझ्या हातांनी आवळलेले पंधरा स्क्रू.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लहानशी आग पेटवली. नव्या पाइपचा रंग पहिल्यांदा तापताना धूर आणि उग्र वास सोडतो, म्हणून खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. तो वास गेल्यावर आईनं उदबत्ती पेटवली आणि म्हणाली, “मी बघते.” काका बाजूला झाले. तिनं प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरली, खालपासून वरपर्यंत, मग स्टुलावर चढायला निघाली तेव्हा मी तिच्या हातातून घेतली. धुराची रेघ सरळ वर जात होती आणि सांध्यापाशी आली की किंचित वाकून आत जात होती. वळणावरच्या एका सांध्यापाशी ती वाकली नाही, नुसती थरथरली. काकांनी तिथला स्क्रू काढून सांधा पुन्हा बसवला.

त्यांनी मला खरी चाचणी दुसऱ्या दिवशी पहाटे करायला सांगितली. पाचचा गजर लावून उठले. निखारे राखेत बुडाले होते, तसेच. मी उदबत्ती त्याच सांध्यांपाशी धरली. रेघ हळू वाकली, पण वाकली. अलार्मवर शून्य होतं. आईच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

ज्या गोष्टीची कल्पना कुणी आधी दिली नव्हती ती म्हणजे राख. कोळसा लाकडासारखी चिकट काजळी फारशी करत नाही, कठीण कोळसा तर नाहीच. पण पिठासारखी हलकी राख उडून पाइपमध्ये जाते आणि आडव्या भागात, एल्बोच्या पोटात बसते. काकांनी म्हणून वळणावर एल्बोऐवजी टी, म्हणजे तीन तोंडांचा तुकडा बसवला, खालच्या तोंडाला टोपण. राख त्यात पडते. हिवाळ्यात महिन्यातून एकदा, स्टोव्ह पूर्ण विझलेला आणि थंड असताना, मी टोपण उघडते. पहिल्या खेपेला वाटीभर निघाली. करड्या रंगाची, बोटांत धरली तर जाणवतही नाही. हीच आदल्या वर्षी त्या नऊ फुटांत किती साठली असेल याचा अंदाज मी केला नाही.

हंगाम संपला की पाइप पूर्ण काढायचा. हे काम लोक टाळतात. थंडीत तापलेला, कोरडा पाइप टिकतो. खरा घात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात होतो. आतल्या राखेत गंधकाचे अंश असतात, हवेतला ओलावा त्यांना मिळाला की आम्ल तयार होतं आणि ते पत्रा आतून खातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून प्रत्येक तुकडा अंगणात नेते, ब्रशनं आतून घासते, पुसते, तेलाचा हलका हात फिरवते. आणि टिचकी मारून ऐकते. जाड पत्रा टणक वाजतो. पातळ झालेला कागदासारखा बद्द आवाज देतो. यंदा टीच्या वरच्या सांध्याजवळ असा आवाज आला. अंगठ्यानं दाबलं तर पत्रा आत गेला आणि परत आलाच नाही, तिथे तांबूस भोक उरलं, करंगळीच्या नखाएवढं. तो तुकडा टाकून दिला. नवा आणून ठेवलाय.

बाकीचे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवले, प्रत्येकावर खडूनं आकडा: स्टोव्हपासून पहिला, दुसरा, तिसरा. चुणीच्या टोकाशी खाली दाखवणारा बाण. भिंतीतल्या कॉलरला पत्र्याचं झाकण लावलं. स्टोव्हच्या दाराच्या कडीला आईनं दोरीनं एक पुठ्ठा बांधला आहे, तिच्या मोठ्या, गोल अक्षरात: पाइप जोडलेला नाही. पेटवू नये.